थायलंडला निघताना: डॉलर, बाथ की कार्ड?

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मंडईत होते. "अगं, पुढच्या आठवड्यात बँकॉक. बाथ इथूनच घेऊ, की डॉलर नेऊ, की नुसतं कार्ड पुरेल? तुझा दादा म्हणतो, एअरपोर्टवर बघू."

'एअरपोर्टवर बघू' ऐकलं आणि मी हातातली मेथीची जुडी परत ठेवली. बाजूला जाऊन पुढची वीस मिनिटं जे काही बोलले, ते इथे नीट लिहून काढते आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत पासपोर्टवर पहिला शिक्का थायलंडचाच पडतो, आणि दर सुट्टीत कोणी ना कोणी हेच विचारतं.

आधी एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सोपं जातं. सराफाकडे पाटल्या घ्यायला गेलं तर एक भाव आणि त्याच पाटल्या मोडायला गेलं तर दुसरा, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. चलनाचंही अगदी तसंच आहे. मनी चेंजरच्या फलकावर 'वी सेल' आणि 'वी बाय' असे दोन रकाने असतात, आणि दोन्ही दुकानदाराच्या तोंडचे असतात. आपल्याला डॉलर हवे असतील तर तो विकणार, म्हणून 'वी सेल' बघायचा. उरलेले परत द्यायचे असतील तर 'वी बाय'. गूगलवर दिसतो तो भाव साधारण या दोघांच्या मधला. तो बँकांचा आपापसातला भाव असतो, त्या भावाने तुम्हा-आम्हाला कोणी देत नाही. पण मोजपट्टी म्हणून तो सोन्यासारखा आहे: दुकानातला भाव त्याच्यापासून जितका लांब, तितके आपले पैसे गेले.

म्हणून 'झिरो कमिशन' अशी पाटी दिसली की मला 'मजुरी माफ'ची जाहिरात आठवते. कमिशन नसेलही, कमाई भावात बसलेली असते. विचारायचं ते एवढंच: "जीएसटी, डिलिव्हरी, सगळं धरून मी किती रुपये द्यायचे आणि माझ्या हातात किती येणार?" मग पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. एक बाथ आपल्याला कितीला पडला ते कळतं आणि कुठलेही दोन पर्याय शेजारी ठेवता येतात.

वहिनीला तोंडी सांगताना मी गोल आकडे घेतले होते, तेच इथे घेते. आजचे भाव वेगळे असतील, पद्धत तीच. समजा गूगलवर डॉलर ९० रुपयांना आहे आणि एका डॉलरला ३० बाथ मिळतात. म्हणजे खरा बाथ ३ रुपयांचा.

पहिला रस्ता, इथूनच बाथ घ्यायचे. आपल्याकडच्या दुकानांत डॉलरचा खप मोठा, बाथचा त्यामानाने कमी, त्यामुळे बाथवर तो जास्त फरक ठेवतो. समजा ३.२० रुपये लावले. ३०,००० बाथचे झाले ९६,००० रुपये. त्यावर जीएसटी. हा जीएसटी पूर्ण रकमेवर १८ टक्के नसतो, घाबरू नका. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का ही 'सेवेची किंमत' धरतात आणि त्या १ टक्क्यावर १८ टक्के लावतात. म्हणजे ९६० रुपयांवर साधारण १७३ रुपये. (व्यवहार छोटा असला तरी किमान ४५ रुपये लागतातच.) एकूण ९६,१७३. बाथ पडला जवळपास ३ रुपये २१ पैशांना.

दुसरा रस्ता, इथून डॉलर घ्यायचे आणि बँकॉकला बाथ करायचे. दोनदा बदल म्हणजे दोनदा नुकसान, असं ऐकायला बरोबर वाटतं. पण समजा इथे डॉलर ९१ ला मिळाला. हजार डॉलरचे ९१,००० आणि जीएसटी १६४, म्हणजे ९१,१६४ रुपये. बँकॉकच्या चांगल्या काउंटरवर शंभराच्या नोटेला २९.८० चा भाव मिळाला तर हातात २९,८०० बाथ. भागून बघा: ३ रुपये ६ पैसे. दोनदा बदलूनही पहिल्यापेक्षा स्वस्त, कारण दोन्ही वेळचे फरक बारीक होते.

आता दादाचा 'एअरपोर्टवर बघू' रस्ता. डॉलर तेच, पण सामान घेऊन बाहेर पडल्यावर समोर दिसलेल्या पहिल्याच काउंटरवर बदलले आणि त्याने २८.५० चा भाव दिला. २८,५०० बाथ. एक बाथ ३ रुपये २० पैसे. डॉलर नेण्याचा सगळा फायदा त्या दहा मिनिटांच्या आळसात गेला. आणि मुंबई विमानतळावर आयत्या वेळी बाथ घेतले असते तर बहुधा याहून वाईट.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरणाऱ्यांसाठी एक खूण सांगते. आगमनाच्या मजल्यावरच्या काउंटरांकडे न बघता खाली 'बी' मजल्यावर जा, जिथे शहरात जाणाऱ्या एअरपोर्ट रेल लिंकचं स्टेशन आहे. तिथे ओळीने छोटे काउंटर आहेत आणि भाव वरच्यापेक्षा बरेच चांगले असतात. पासपोर्ट हातात ठेवा, मागतात. शहरात सुपररिच नावाच्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, एकीची पाटी नारिंगी, दुसरीची हिरवी. लोक 'सुपररिचला जा' असं सांगतात तेव्हा यांपैकी कुठलीही चालते.

त्यांच्या फलकावर एक गंमत दिसते. डॉलरसमोर एक भाव नसतो, तीन-चार असतात: १०० च्या नोटेला सगळ्यात चांगला, ५० ला थोडा कमी, २०, १०, ५ ला आणखी कमी. आपल्याला वाटतं सुट्टे नेले तर सोयीचं. इथे उलटं आहे, सुट्ट्यांची किंमत घटते.

नोटेच्या अवस्थेचीही किंमत असते, हे मला माझ्या पहिल्या खेपेला कळलं. काउंटरवरच्या मुलीने माझ्या दहा नोटा घेतल्या, मशीनमधून काढल्या, मग एकेक उचलून दिव्यासमोर धरली. नऊ बाजूला ठेवल्या. दहावीच्या कोपऱ्यावर नखाएवढा जांभळा शिक्का होता, कुठल्यातरी दुकानदाराने कधीतरी मारलेला. तिने बोट ठेवून तो दाखवला, हसून मान हलवली आणि नोट माझ्याकडे सरकवली. शंभर डॉलरची ती नोट मी अख्खी सहल पाकिटात फिरवली. दोष कोणाला देऊ? इथे घेताना मी मोजल्या होत्या, बघितल्या नव्हत्या. तेव्हापासून दुकानदाराला आधीच सांगते: शंभराच्या, नव्या मालिकेतल्या, शिक्का, पेनाची खूण आणि घडी नसलेल्या. आणि त्याच्यासमोर एकेक पाहून घेते. तो कंटाळतो, कंटाळू दे. आणि हो, स्टेपल कोणी मारू नका. बालीला जाणाऱ्यांनी तर हे वहीत लिहून ठेवावं, इंडोनेशियात मळक्या डॉलरचे नखरे याहून जास्त आहेत.

सगळीकडे डॉलरच न्या असा मात्र याचा अर्थ नाही. युरोपला जाणाऱ्याने डॉलर नेऊन तिथे युरो करणं म्हणजे उगाच दोन फटके खाणं, कारण युरो इथेच बऱ्या भावाने मिळतो. दुबईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या भावाने बांधलेला आहे, त्यामुळे तिथे डॉलर नेले तर निदान बाजाराच्या चढउताराची भीती नसते. पद्धत एकच, भागाकार करून बघा.

आता कार्डं. फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरलेलं कार्ड. ज्या दिवशी भरलं त्या दिवशीचा भाव पक्का. बाथ भरता येणारं कार्ड घेतलं तर नोटांपेक्षा भाव बहुधा बरा मिळतो. पण त्यात डॉलर भरून थायलंडात वापरलं, तर प्रत्येक वेळी डॉलरचे बाथ होताना काही कार्डांवर ३ टक्क्यांच्या आसपास वेगळा आकार लागतो. 'क्रॉस करन्सी' अशा नावाने तो अटींमध्ये लिहिलेला असतो. घेताना हा एक आकडा विचारला नाही तर बाकी सगळी घासाघीस फुकट. कार्डाचा मोठा फायदा पैशांपेक्षा झोपेचा आहे. ते हरवलं तर त्यातले पैसे धोक्यात, घरच्या खात्याला धक्का नाही. बरेच जण जोडीला दुसरं कार्डही देतात. ते वेगळ्या बॅगेत ठेवा.

आपलं नेहमीचं क्रेडिट कार्ड चालतंच, पण बहुतेक बँका परदेशातल्या खर्चावर २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे भावावर जादा आकार, लावतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ३.५ चे होतात ४.१३. आपल्या उदाहरणात बाथ ३ रुपये १२ पैशांना. भाव म्हणून वाईट नाही, एअरपोर्टपेक्षा तर चांगलाच! शून्य मार्कअपची कार्डंही निघाली आहेत, ज्याच्याकडे असेल त्याने सरळ ते वापरावं. फक्त क्रेडिट कार्डाने एटीएममधून नोटा काढू नका. तिथे फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातला वापर चालू करायचा असतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम आणला की नवं कार्ड हातात येतं ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू असेल, बाकीचं ग्राहकाने स्वतः उघडायचं. कितीतरी जण रिसेप्शनसमोर उभं राहून 'कार्ड डिक्लाइन का होतंय' म्हणत घाम पुसतात, त्याचं कारण बहुधा हेच. उघडताना दुकानातला वापर चालू करा, मर्यादा घाला, आणि ऑनलाइन परदेशी वापर लागत नसेल तर बंदच राहू द्या. बाहेरच्या पुष्कळ वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत.

मग तो कुप्रसिद्ध प्रश्न. दुकानात कार्ड लावलं की मशीन विचारतं: रुपयांत की बाथमध्ये? अनोळखी देशात रुपयाचं चिन्ह दिसलं की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. बोट आपोआप तिकडे जातं. तिथेच फसगत आहे. रुपये निवडले की बदलाचा भाव तुमची बँक ठरवत नाही, त्या मशीनमागची कंपनी ठरवते, आणि ती त्यात आपला मोठा वाटा घालून ठेवते. वर तुमची बँक परदेशी व्यवहार म्हणून आपला आकार घेऊ शकते तो वेगळाच. एका सिल्कच्या दुकानात विक्रेत्याने मला न विचारताच रुपयांचं बटण दाबलं. पावतीवर बारीक अक्षरांत भाव होता तो मोबाइलवरच्या भावापेक्षा सुमारे ६ टक्के वर. मी म्हटलं, रद्द कर, बाथमध्ये कर. त्याने कुरकुर न करता केलं. म्हणजे करता येत होतं! एटीएमवर हाच प्रश्न 'विथ कन्व्हर्जन' आणि 'विदाउट कन्व्हर्जन' अशा वेषात येतो. उत्तर प्रत्येक वेळी एकच: स्थानिक चलन, विदाउट कन्व्हर्जन.

थायलंडच्या एटीएमची आणखी एक तऱ्हा आहे. बाहेरच्या कार्डाला तिथल्या बँका दर वेळी ठोक फी लावतात, समजा ती २२० बाथ धरली. २,००० बाथ काढले तर ११ टक्के गेले, २०,००० काढले तर जेमतेम १ टक्का. तुमच्या कार्डाची स्वतःची फी आणखी वर. त्यामुळे 'लागतील तसे काढू' ही आपली गावाकडची सवय इथे महागात पडते. काढायचेच झाले तर एकदा, मोठे.

एवढी रोकड लागते तरी कुठे, असं वहिनीने विचारलं. मॉल, मोठी हॉटेलं, साखळी दुकानं यांत कार्ड चालतं. पण गाडीवरचं पॅड थाय, टुकटुक, रात्रीचा बाजार, बेटावर नेणारी बोट, मसाजवालीची टिप, सगळं नोटांवर. छोट्या दुकानात कार्ड दिलं तर 'किमान ३०० बाथचं घ्या' किंवा '३ टक्के जास्त' असं ऐकू येतं. गाडीवर क्यूआर कोडचा कागद लटकलेला दिसेल आणि हात सवयीने फोनकडे जाईल. तो थाय बँकांच्या प्रॉम्प्टपेचा क्यूआर असतो. भूतान, नेपाळ, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स इथे काही ठिकाणी आपल्या यूपीआयने पैसे देता येतात. बँकॉकच्या गाडीवर त्याच्या भरवशावर पोट बांधू नका.

१००० ची तपकिरी नोट टॅक्सीवाल्यापुढे धरली की तो हताशपणे बघतो. सकाळी सेव्हन-इलेव्हनमध्ये शिरून एक पाण्याची बाटली घ्यायची आणि तिथे मोड करून घ्यायची. हिरवी २० ची आणि तांबडी १०० ची नोट सगळ्यात कामाची. आणि नोट खाली पडली, वाऱ्याने उडाली, तर पाय ठेवून अडवू नका. तिच्यावर राजाचं चित्र असतं आणि तो तिथे थट्टेचा विषय नाही.

चौघांच्या सहा दिवसांसाठी, हॉटेल आधीच भरलेलं असताना, मी वहिनीला सांगितलं ते असं: निम्म्याहून थोडे जास्त पैसे शंभराच्या डॉलर नोटांत, ते दोघांत वाटून, दोघांच्याही अंगावर, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. उरलेले बाथ भरलेल्या फॉरेक्स कार्डात. एक क्रेडिट कार्ड चालू करून, मुख्यतः हॉटेलच्या डिपॉझिटसाठी. डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर अडकलं तर सुटायला दिवस लागतात आणि तेवढे पैसे सहलीत हाताशी राहत नाहीत. आणि थोडे बाथ इथूनच, महाग पडले तरी, दोन-तीन हजार. रात्री दोनला विमान उतरलं, मूल रडतंय, खालच्या काउंटरचा भाव बघत फिरायची कोणाची तयारी नसते. तेवढ्यावरचे चारशे-सहाशे रुपये मी जाऊ देते.

आपल्या रुपयाच्या नोटाही सुपररिचच्या फलकावर दिसतात. प्रत्येकाला २५,००० रुपयांपर्यंत नेता येतात, अडीअडचणीला ठीक. मुख्य पैसे म्हणून नाही.

नियमांचं थोडक्यात. डॉलर घ्यायला पासपोर्ट, पॅन, तिकीट लागतं. दुकान रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलं हवं आणि पावती हवी. गल्लीतल्या ओळखीच्या माणसाचा दोन रुपये स्वस्त डॉलर नको, नोट खोटी निघाली तर कोणाकडे जाणार? दुकानात रोख रुपये ५०,००० च्या आतच देता येतात, त्यापुढे बँकेतून. नोटांच्या रूपात एका खेपेला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, थायलंडला ते पुरून उरतं. वर्षाची एकूण मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर आहे, तिकडे आपलं लक्षही जाणार नाही. टीसीएसचा, म्हणजे चलन विकतानाच दुकानदार आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरतो त्या कराचा, बागुलबुवा बरेच जण करतात. सहलीसाठी चलन घेताना तो आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेल्यावर लागतो, आणि कापला गेलाच तर आयकर विवरणात वळता होतो. टूर कंपनीला पॅकेजचे पैसे देताना त्याचा हिशोब वेगळा असतो, तिथे पावतीवर तो वेगळा दाखवलाय ना एवढं बघा.

डॉलर आज घेऊ की परवा, रुपया चढेल का, यावर दादा दोन दिवस टीव्ही बघत बसला होता. हजार डॉलरवर २० पैशांचा फरक म्हणजे २०० रुपये. त्यापेक्षा तीन दुकानांना फोन केलेले बरे. मी शनिवार-रविवार टाळते. बाजार बंद असतो, सोमवारी काय होईल त्याची भीती दुकानदार भावात घालून ठेवतो. आणि घासाघीस चालते, खुशाल करा. "अमुक दुकान इतक्याला देतंय" म्हटलं की दहा-वीस पैसे हलतात. वहिनीने फोनवर चाळीस पैसे कमी करून घेतले, ते काम दादाला जमलं नसतं.

परत आल्यावर उरलेलं काय करायचं? २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या खेपेसाठी ठेवता येतात. त्यावरचं १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरला द्यायचं. नाणी इथे कोणी घेत नाही, ती तिथल्या विमानतळावरच पाण्याच्या बाटलीत संपवा. बाथ परत विकताना 'वी बाय'चा भाव लागतो, म्हणजे मोडीचा, म्हणून शेवटच्या दिवशी नव्याने डॉलर मोडू नका.

ठेवायचे असतील तर मात्र कपाटात टाकून विसरू नका. आमच्या काकांच्या खणात २० पौंडाच्या चार कागदी नोटा निघाल्या, २०१५ च्या लंडनवारीतल्या. आपल्याकडे खजिना आहे अशा थाटात त्यांनी त्या मनी चेंजरपुढे मांडल्या. ब्रिटनने २० आणि ५० पौंडाच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून काढल्या आहेत, त्याने हातही लावला नाही. नोटा मेलेल्या नाहीत, बँक ऑफ इंग्लंड त्या कधीही बदलून देते. पण त्यासाठी तिच्या दारात जायचं, नाहीतर पोस्टाने पाठवायच्या. सध्या त्या एका पाकिटात घालून भाच्याच्या नावाने ठेवल्या आहेत, तो जूनमध्ये लंडनला जातो आहे.